पायरी घरी न्यायची नाही

"बाईला वाचायला येत न्हाय. पर घरी सांगायचं न्हाय, हां."

"का?"

"का म्हंजे? पायरी घरी न्यायची न्हाय. बाईची असली तरी."

गोदामाच्या दाराआड मी खडूचा डबा शोधत होते. बाहेर पायऱ्यांवर दोन मुली गजगे खेळत बोलत होत्या. धाकटीनं विचारलं, "कितवी हाय बाईची?" थोरली म्हणाली, "दुसरी. गुरुजींनी काल खूण केलीया." मग गजगा हवेत उडाल्याचा आणि तळहातावर झेलल्याचा आवाज आला, आणि माझा विषय संपला. डबा हाताला लागला होता, तरी मी बराच वेळ दाराआडच उभी राहिले. कानशिलं तापली होती. पण त्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. बाईला दम्याचा त्रास आहे असं सांगावं, तितक्या साधेपणानं त्यांनी ते सांगून टाकलं होतं.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. हैदराबादला मामाकडे वाढलेली, शाळा कॉन्व्हेंटची. मराठी घरात बोलायची, तीही मामीशी, स्वयंपाकघरातली. छापील मराठी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर आणि लग्नपत्रिका. गावी वडिलांना पत्रं लिहायची ती इंग्रजीत. वडील इथल्या सोसायटीचे सेक्रेटरी. ती पत्रं ते चेअरमनना दाखवायचे, चेअरमन ती उलटसुलट करून बघायचे, आणि दोघंही समाधान पावायचे. मामांची बदली लांब उत्तरेत झाली आणि मी मराठवाड्यातल्या वाशी आणि ईटच्या मधल्या या गावात परत आले. बहात्तरच्या दुष्काळाला तीन वर्षं झाली होती. गावातली एक शिक्षिका बाळंतपणाला माहेरी गेली होती. गुरुजी एका संध्याकाळी आमच्या घरी आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि वडिलांना म्हणाले, "तुमची लेक चार महिने देता का? मला शेजार पाहिजे."

'शेजार' कशासाठी, ते मला पुढं कळलं. वडिलांना वाटलं, मदतीला म्हणत असतील.

शाळा सोसायटीच्या गोदामात भरायची. तिची स्वतःची इमारत दुष्काळाआधीच एका वावटळीत पत्रे गमावून बसली होती. गोदामाचीही एक गोष्ट होती. गोदामापुढचा ओटा बैलगाडीच्या उंचीचा आणि सरळ तासलेला लागतो, म्हणजे पोतं थेट गाडीत सरकवता येतं. पण ज्या गवंड्याला काम दिलं त्यानं जन्मभर देवळंच बांधली होती. त्यानं समोरच्या अख्ख्या लांबीला पाच घडीव पायऱ्या बांधून काढल्या. गाडी ओट्याला लागेना. हमालांनी दोन दिवस पोती घेऊन चढ-उतार केली आणि तिसऱ्या दिवशी नकार दिला. सोसायटीनं खताला दुसरी जागा बघितली. गोदाम रिकामं राहिलं, ते चेअरमननी शाळेला दिलं. गवंड्याचं नाव निघालं की गावात अजून शिव्या पडत. एकटे गुरुजी म्हणत, "असला शहाणा गवंडी पुन्हा होणे न्हाय."

गुरुजी त्या पायऱ्यांवर शाळा बसवायचे. समोर लिंब होता, त्याच्या बुंध्याला फळा टेकवलेला. इयत्ता पहिली ते चौथी असे वर्ग कागदावर होते. पायऱ्यांवर नव्हते. ज्याला जे जेवढं येतं तेवढ्या पायरीवर तो बसायचा, आणि प्रत्येक विषयाला पायरी वेगळी. झाडाला टांगलेल्या पहारेवर टोला पडला की गणित संपून वाचन सुरू व्हायचं, आणि सगळी शाळा उठून विस्कटायची. गणितात पाचव्या पायरीवरचा खाली यायचा, चित्रकलेला तळाशी बसणारी वर चढायची. दोन मिनिटं नुसती धावपळ, पाट्यांचा खडखडाट, "सरक की", "माझी खूण हाय ती". मग पुन्हा शांत. पहिली पायरी सगळ्यांत खालची, म्हणजे गुरुजींच्या सगळ्यांत जवळ. पाचवीवर ते फारसे जातच नसत. म्हणत, "त्यांना माझी काय गरज? सावली हाय, तेवढी बास."

दिसायला ते उंच, खांद्यात वाकलेले. काळी टोपी, आणि उन्हाळ्यातही कोट. कोटाच्या एका खिशात खडू, दुसऱ्यात ज्वारीचं कणीस. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूत झालं होतं. हजेरी मराठीत घेत, पण शेवटी मुलं मोजताना ओठ उर्दूत हलत. रागावले की ते आवाज चढवत नसत, अदब वाढवत. एरवी सगळ्यांना अरेतुरे, पण एखाद्या पोराला "या, बसा, आपलं काय म्हणणं आहे?" असं म्हणाले की ते पोर रडकुंडीला यायचं.

कणीस होतं नव्या मुलासाठी. गुरुजी कुणालाही "तू कितवीत?" असं विचारत नसत. कणीस हातात द्यायचे आणि म्हणायचे, "किती दाणं असतील?" एखादं म्हणायचं, "लई." एखादं तिथंच मांडी घालून एक-एक दाणा मोजायला बसायचं आणि बावीस-तेवीसला चुकायचं. एखादी मुलगी एकाच बोंडाचे, म्हणजे झुपक्याचे, दाणे मोजायची, मग बोंडं मोजायची, आणि आकाशाकडे बघत ओठ हलवायची. गुरुजी कुणालाच बरोबर किंवा चूक म्हणत नसत. नुसतं "हां" म्हणायचे आणि पायरीच्या कडेला खडूनं छोटी रेघ ओढायचे. ती त्याची खूण. दुष्काळात कणीस मिळेना तेव्हा लिंबोळ्यांचा घोस वापरला, असं त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगायच्या. "खरं कणीस असलं की परीक्षा झाल्यावर हेच दाणं खाऊन बसत्यात," असंही सांगायच्या. काकूंची आणखी एक तक्रार होती. "तीस वर्षं झाली लग्नाला, भाकरीत मला अजून तिसरीवर ठेवलंय. का, तर कड कच्ची राहती." गुरुजी तोंडात घास असताना म्हणायचे, "आमटीत पाचवी हाय की." काकू मग पदर तोंडाला लावून आत जायच्या.

उतरण्याची त्यांच्या शाळेत लाज नव्हती. तापातून उठलेलं पोर महिन्यानं आलं तर एक पायरी खाली बसायचं, पुन्हा चढायचं. "आहिस्ता," ते म्हणायचे, "ज्वारी शेंडा धरून वडली म्हणून वाढत न्हाय." आणि लाज राहू नये म्हणून शनिवारी ते स्वतः विद्यार्थी व्हायचे. विषय शेळ्या. कुठली शेळी कुणाची हे गावातल्या चार वर्षांच्या पोरालाही लांबून ओळखता यायचं. गुरुजींना सगळ्या शेळ्या सारख्या दिसायच्या. मुलं त्यांना पहिल्या पायरीवर बसवून समोरून एकेक शेळी नेत. ते कपाळाला आठ्या घालून म्हणत, "ही... बाबूरावाची?" सगळ्या पायऱ्या एकदम "न्हाय" म्हणत. वर्षभर ते पहिल्याच पायरीवर राहिले. फक्त एकदा एक शेळी ओळखली तेव्हा मुलांनी त्यांना वाजतगाजत दुसरीवर नेलं. पुढच्या शनिवारी तीच शेळी चुकली आणि ते स्वतःहून खाली येऊन बसले.

पण एक नियम कडक होता. पायरी घरी न्यायची नाही. कोण कुठं बसतं हे शाळेतच राहायचं. सुरुवातीच्या दिवसांत दोन भावांची पायरी घरी कळली होती, आणि धाकट्याची वर आहे म्हणून बापानं थोरल्याला दावणीच्या दोरानं मारलं होतं. तेव्हापासून गुरुजी म्हणायचे, "पायरी घरी गेली की तिची काठी होती." खुद्द चेअरमननी, ज्यांनी गोदाम दिलं त्यांनी, एकदा नातवाची पायरी विचारली. गुरुजी म्हणाले, "नातू खुशीत येतो ना घरी? मग झालं." चेअरमन आठवडाभर बोलले नाहीत. मुलांनी मात्र हा नियम देवाच्या शपथेसारखा पाळला. घरी विचारलं की एकच उत्तर, "हाय आपली एक."

माझी पायरी त्यांनी पहिल्याच दिवशी काढली. शाळा सुटल्यावर चौथीचं पुस्तक हातात दिलं. "जरा वाचा बरं, बाई." मी सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत एक जोडाक्षर आलं, मी थांबले. पुढच्या ओळीत दुसरं. मग मी पुढं गेलेच नाही. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवत होते: पुस्तक जुनं आहे, छपाई नीट नाही, असलं काहीतरी. त्यांनी पुस्तक मिटलं. "बास. कळलं."

"काय कळलं?"

"कुठवर आलाय ते. उद्या खूण करतो. वाचनाचा अर्धा तास पायरीवर बसा, बाकीचा वेळ तुम्ही बाई."

मी घरी जाऊन वडिलांना काही सांगितलं नाही. ते जेवताना चेअरमनना दिलेलं उत्तर पुन्हा सांगत होते: "आमची पोरगी इंग्रजी शिकलेली, तिला ह्या मराठीचं काय अवघड?"

माझी खूण दुसऱ्या पायरीवर होती, कौशीच्या शेजारी. कौशी म्हणजे कौशल्या, ती गजगे खेळणारी थोरली. वय बारा. दुसरीत असताना दुष्काळ पडला आणि ती आईबरोबर तलावाच्या कामावर माती वाहायला गेली. दोन वर्षं शाळा सुटली. त्या दोन वर्षांत तिनं खड्डे मापणाऱ्या मुकादमाचं बोलणं ऐकलं होतं. लांबी, रुंदी, खोली सांगा, शंभर घनफुटांचा एक असे किती ब्रास ते ती तोंडी सांगायची. गणितात ती पाचव्या पायरीवर. वाचनात दुसरीवर, आणि दुसरीवर बाकी सगळी सात-आठ वर्षांची. परत आल्यावर वर्षभर ती वाचनाला बसलीच नव्हती. टोला पडला की घागर उचलून पाण्याला जायची. गुरुजी जाऊ द्यायचे. तिची आई उघड म्हणायची, "थोराड पोर बारक्यात बसली तर लोक हसत्यात. बारक्यातच बसवायची असंल तर माझ्यासंगं खुरपाया यील."

मी बसायला लागले त्या दिवशी टोला पडल्यावर कौशीनं घागर उचलली, माझ्याकडे बघितलं, घागर ठेवली आणि येऊन शेजारी बसली. थोड्या वेळानं माझ्या पुस्तकात डोकावून म्हणाली, "बाई, ह्यो असा फोडायचा. आधी आर्धा, मग आख्खा. भाकरीवानी."

गुरुजींना शेजार हवा होता, तो हा. एका रेघेत त्यांनी दोघींना बसवलं होतं. मला ते कळायला दोन महिने लागले.

आणखी एक गोष्ट कळायला त्याहून वेळ लागला. मला चारचौघांत बोलता येत नसे. चार ओळखीची माणसं समोर असली तरी वाक्य मनात तयार व्हायचं आणि तिथंच राहायचं. गुरुजींनी मला कधी सगळ्या पायऱ्यांपुढं उभं केलं नाही. पहिले पंधरा दिवस एकच काम: कौशीला पत्र लिहायला शिकवणं. मग तीन मुली. मग पहिली पायरी, ती नऊ जणांची, आणि तीही गोष्ट सांगण्यापुरती. मला वाटायचं, सोयीनं चाललंय. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला त्यांची वही कपाटातून आणायला सांगितली. वहीत प्रत्येक मुलाचं एक पान होतं. कुठं आडतो, कशानं हसतो, काय खातो. शेवटच्या पानावर वर 'बाई' असं लिहिलं होतं. खाली: 'एकीपुढं बोलतात. तिघींपुढं, हळू. नवांपुढं गोष्ट असंल तर. पाचही पायऱ्यांपुढं अजून न्हाय. घाई नको.'

मी वही मिटून त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती घेतली, माझ्याकडे बघितलं नाही, आणि खिशातलं कणीस काढून त्यातला एक दाणा खाल्ला.

तपासणीची भीती खरी होती. आदल्या वर्षी विस्तार अधिकाऱ्यांनी शेरेबुकात लिहून ठेवलं होतं की विद्यार्थी इयत्तेप्रमाणे बसवावेत. यंदा तसं दिसलं नाही तर गुरुजींची परंड्याकडे कुठंतरी बदली होणार, हे वडिलांनी घरी सांगितलं होतं. गुरुजी गेले की पायऱ्या जाणार, आणि पायऱ्या गेल्या की कौशी खुरपायला जाणार. हे कौशीनंच मला सांगितलं, घागर घासत, डोळे वर न करता. "दुसरीच्या वर्गात बसवलं तर म्या न्हाय येणार, बाई. तुमी हितं बसता म्हणून बसती."

त्या दिवसाचा निकाल आधीच सांगून टाकते, कारण मला शेवट तिथं करायचा नाही. साहेबांनी शेरा लिहिला: 'नवीन इमारत होईपर्यंत बैठक आहे तशी ठेवण्यास हरकत नाही.' सिमेंटच्या परमिटचे दिवस होते ते. नवीन इमारत कैक वर्षं झाली नाही. ती शिक्षिका परत आली तरी मी तिथंच राहिले, आधी आणखी चार महिन्यांसाठी, मग शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन कायमची. कौशीनं सातवी केली, पुढं धाराशिवला नर्सिंग केलं. गुरुजी त्याच शाळेतून निवृत्त झाले, शेळ्यांत पहिल्याच पायरीवर. शेवटच्या शनिवारी मुलांनी त्यांना शेळी दिली, भेट म्हणून. दुसऱ्या दिवशी ती कळपात मिसळली आणि त्यांना ओळखू आली नाही. काकूंनी ओळखली.

तर त्या दिवशी. साहेब जीपमधून उतरले. लिंबाखाली त्यांच्यासाठी खुर्ची. एका बाजूला चेअरमन, दुसऱ्या बाजूला वडील, मागं दहा-बारा पालक, त्यांत कौशीची आई. पायऱ्यांवर सगळी शाळा, वाचनाला बसलेली. मी बाई म्हणून कडेला उभी होते, माझ्या खुणेवर कुणी नव्हतं. साहेबांनी वरच्या पायरीवरच्या एका चिमुरडीकडून चार ओळी वाचून घेतल्या, मग त्यांची नजर दुसऱ्या पायरीवरच्या एका उंच मुलीवर गेली.

"ही कोण? हिला चौथीचं द्या वाचायला."

कौशी उभी राहिली. दोन ओळी वाचल्या, तिसऱ्या ओळीत अडली. कुठं अडली ते मला माहीत होतं. मीही तिथंच अडले होते.

"बघा गुरुजी," साहेब म्हणाले, "ही मुलगी दुसरीच्या लायकीची. आणि वरच्या पायरीवरची चिमुरडी हिच्याहून बरं वाचते. काय अर्थ आहे याला?"

"साहेब, तिला खड्डा विचारा," गुरुजी म्हणाले.

"काय विचारू?"

"खड्डा. लांबी-रुंदी तुमच्या मनानं."

साहेबांनी हसून विचारलं, "बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दीड फूट खोल. किती ब्रास?"

"पावणेदोन," कौशी म्हणाली, "वर पाच घनफूट."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. शेरेबुकाच्या मागं आकडे मांडले. चेअरमन वाकून बघत होते. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि त्यांचा आवाज थोडा खाली आला. "हुशार आहे, कबूल. पण गुरुजी, मी हिच्या भल्याचंच बोलतोय. एवढी मोठी मुलगी, भोवती सात-आठ वर्षांची पोरं. तिच्या मनाला काय वाटत असेल? हिला सोबत कोण आहे त्या पायरीवर? एक तरी हिच्या बरोबरीचं दाखवा, मी पुढं विचारत नाही."

उत्तर गुरुजींजवळ होतं. त्यांनी ते दिलं असतं तर पायऱ्या वाचल्या असत्या. पण पायरी घरी न्यायची नाही, आणि माझं घर तिथं दोन पावलांवर हात मागं बांधून उभं होतं. गुरुजी लिंबाच्या शेंड्याकडे बघायला लागले. माझ्याकडे चुकूनही बघितलं नाही. पाचही पायऱ्यांना उत्तर माहीत होतं, आणि पाचही पायऱ्या गप्प होत्या. ती गजगे खेळणारी धाकटी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसली होती. कौशीनं पुस्तक मिटून परकराला हात पुसले. तिची आई गर्दीतून एक पाऊल पुढं आली.

मी दुसऱ्या पायरीवर जाऊन माझ्या खुणेवर बसले.

"मी आहे, साहेब," मी म्हणाले. "मी बसते इथं. मलाही चौथीचं नीट वाचता येत नाही. जोडाक्षरं मला कौशीच शिकवते."